ग्लासातलं आयोडिन आणि आपलं लिव्हर : ज्येष्ठ नागरिक संघांच्या पदाधिकाऱ्यांना खुलं पत्र

मा. अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि कार्यकारिणीचे सर्व सभासद,

सप्रेम नमस्कार.

मी सांगलीत पस्तीस वर्षं मेडिकल चालवलं. आता गल्ल्यावर मुलगा बसतो आणि मी एका ज्येष्ठ नागरिक संघाचा वर्गणी भरणारा, सहलीला हटकून जाणारा सभासद आहे. हे पत्र कुठल्या एका संघावर रागावून लिहीत नाही. आमच्याकडे जे झालं ते गावोगाव होतंय. पाहुण्यांकडे गेलो की टीव्हीशेजारच्या फळीवर मला लिव्हरसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या अँटिऑक्सिडंट गोळ्यांची तीच बाटली दिसते, फक्त झाकणाचा रंग वेगळा.

गेल्या पावसाळ्यात आमच्या सभागृहात व्याख्यान होतं. विषय : उतारवयातील यकृताची काळजी. प्रवेश मोफत, चहा-बटाटेवडा मोफत, शिवाय तपासणी मोफत. तीन मोफत एकत्र आले की आम्ही म्हातारे अर्धा तास आधीच खुर्च्या धरून बसतो.

बोलायला आलेला मुलगा गोड होता. काकूंची विचारपूस झाली, काकांच्या गुडघ्याची चौकशी झाली. मग त्याने टेबलावर काचेचा ग्लास ठेवला आणि पाण्यात टिंक्चर आयोडिनचे आठ-दहा थेंब टाकले. पाणी कोऱ्या चहासारखं झालं. "हे तुमचं लिव्हर. साठ वर्षांचा कचरा." एक कॅप्सूल उघडून त्याने आतली पावडर ग्लासात टाकली आणि चमच्याने ढवळलं. पाणी नितळ! मागच्या रांगेत टाळ्या पडल्या. माझ्या शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले, "प्रत्यक्षाला प्रमाण कशाला?"

हा प्रयोग मी फार्मसीला असताना केला आहे. तेव्हा त्याला टायट्रेशन म्हणायचे आणि चुकला की सर पुन्हा करायला लावायचे. त्या पावडरीत क जीवनसत्त्व असतं. ते आयोडिनला इलेक्ट्रॉन देतं, आयोडिनचं आयोडाइड होतं, आणि आयोडाइडला रंग नसतो. कचरा धुतला वगैरे काही गेलेला नाही. सगळं आयोडिन ग्लासातच आहे, दिसेनासं झालंय एवढंच. तिथे अर्धं लिंबू पिळलं असतं तरी पाणी असंच नितळ झालं असतं, आणि लिंबू पाच रुपयांत येतं.

हे मी तेव्हाच उठून सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. हातात त्यांचाच वडा होता, आणि भरल्या सभेत पोराला तोंडघशी पाडणं जिवावर आलं. त्यामुळे या पत्रात जो दोष मी तुम्हाला देणार आहे, त्यातला थोडा माझ्याही पदरात आहे.

मग ती तपासणी झाली. हातात पितळेसारखी कांडी धरायची, एक मिनिट गप्प बसायचं, लॅपटॉपमधून चार पानांचा रंगीत रिपोर्ट बाहेर. रक्ताचा थेंब नाही, सोनोग्राफी नाही. तरी लिव्हरची चरबी, पित्त, "विषारी द्रव्यं" सगळं आकड्यांत छापलेलं. माझ्या आधी बसलेल्या सगळ्यांचं लिव्हर "किंचित असामान्य" होतं, माझंही तेच निघालं. गंभीर म्हटलं तर माणूस डॉक्टरकडे पळेल, नॉर्मल म्हटलं तर घरी जाईल. किंचित असामान्य म्हटलं की तो शेजारच्या टेबलाकडे वळतो. त्या टेबलावर तीन महिन्यांचा कोर्स होता. माझे थोरले बंधू, आण्णा, वय चौऱ्याहत्तर, रांगेत तिसरे होते.

आण्णांचं पुढे काय झालं ते सांगतोच. त्याआधी ही गोळी आली कुठून ते बघू, कारण शरीर गंजतं आणि गोळी तो गंज थांबवते, ही त्या मुलाने सांगितलेली गोष्ट पूर्ण खोटी नव्हती. अर्धी खरी होती, म्हणूनच ती खपते.

डेनहॅम हार्मन नावाचा अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ होता. आधी शेल तेल कंपनीत काम केलं, मग वैद्यकीला गेला. १९५६ साली त्याने मांडलं की शरीर प्राणवायू वापरतं तेव्हा फ्री रॅडिकल नावाचे उपद्व्यापी रेणू तयार होतात, ते पेशींची मोडतोड करतात आणि त्या साचत गेलेल्या मोडतोडीलाच आपण म्हातारपण म्हणतो. लोखंडाला गंज चढावा तसं. कल्पना सुरेख होती. पुढे १९६९ मध्ये हे रॅडिकल निकामी करणारं सुपरऑक्साइड डिसम्युटेज नावाचं विकर (एन्झाइम) शरीरातच सापडलं आणि कल्पनेला बळ आलं. गंज चढत असेल तर गंजरोधक द्या, म्हणजे अँटिऑक्सिडंट : क, ई, बीटा कॅरोटीन, सेलेनियम. सरळ हिशोब. हार्मननेच उंदरांवर करून पाहिलं, तर सरासरी आयुष्य काही प्रयोगांत वाढलं, पण कमाल आयुष्य काही पुढे सरकेना. तो स्वतः ९८ वर्षं जगला, जीवनसत्त्वांच्या गोळ्या घ्यायचा हेही खरं. विकणारे एवढंच सांगतात. तो म्हातारपणीही धावायला जायचा, हे सांगत नाहीत.

मग माणसांवर मोठ्या चाचण्या झाल्या आणि सगळं बिनसलं. फिनलंडमध्ये पन्नाशी-साठीतल्या २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना ई जीवनसत्त्व, बीटा कॅरोटीन, दोन्ही किंवा नुसत्या खोट्या, म्हणजे औषध नसलेल्या, गोळ्या देऊन वर्षानुवर्षं पाहिलं. १९९४ मध्ये निकाल आला : बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी १८ टक्के जास्त. अमेरिकेत अशीच एक चाचणी १९९६ मध्ये मुदतीआधी थांबवावी लागली, तिथे वाढ २८ टक्क्यांची होती. संघातल्या ज्या मंडळींची सिगारेट अजून सुटलेली नाही आणि "निदान गाजराची गोळी तरी घेतो" म्हणून जी माझ्याकडे यायची, त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं. पुढे ३५,००० हून जास्त पुरुषांना ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम देऊन प्रोस्टेटचा कर्करोग टळतो का ते पाहिलं. टळला नाहीच. २०११ मध्ये जाहीर झालं की नुसतं ई घेणाऱ्या गटात तो १७ टक्के जास्त होता.

कोपनहेगनच्या संशोधकांनी अशा ७८ चाचण्या एकत्र करून २०१२ मध्ये हिशोब मांडला. त्यात २,९६,७०७ माणसं होती. अँटिऑक्सिडंट गोळ्यांनी मृत्यू कमी झाले नव्हते, आणि बीटा कॅरोटीन व ई घेणाऱ्यांत किंचित जास्तच दिसत होते. त्याच गटाने त्याआधी २०११ मध्ये खास लिव्हरच्या आजारांसाठी दिलेल्या अँटिऑक्सिडंट गोळ्यांच्या २० चाचण्या तपासल्या होत्या. फायद्याचा पुरावा मिळाला नाही.

असं का व्हावं? एक कारण मला फार पटतं. फ्री रॅडिकल म्हणजे नुसते गुंड नव्हेत, ते निरोपेही आहेत. पांढऱ्या पेशी जंतू मारतात त्या यांच्याच जोरावर. व्यायामाने स्नायूंत रॅडिकल वाढतात, आणि "आता तयारीला लागा" हा निरोप शरीराला त्यातूनच मिळतो. २००९ मध्ये जर्मनीत सुमारे चाळीस तरुणांना चार आठवडे व्यायाम करायला लावला. निम्म्यांना सोबत क आणि ई च्या गोळ्या दिल्या. गोळ्या न घेणाऱ्यांत इन्सुलिनचं काम सुधारलं, घेणाऱ्यांत ती सुधारणा दिसली नाही. निरोप्यालाच दारात अडवलं म्हटल्यावर निरोप पोचणार कसा? आपल्यातले किती जण सकाळी आमराईत तासभर चालतात आणि घरी येऊन, चालण्याला जोड म्हणून, हीच गोळी घेतात.

आता मूळ मुद्दा, म्हातारं लिव्हर.

त्या मुलाने ग्लासात दाखवलेलं "साठ वर्षांचं लिव्हर" मुळात नसतंच. २०२२ मध्ये ड्रेस्डेनच्या संशोधकांनी लिव्हरच्या पेशींचं वय काढलं, तेही कार्बनवरून, जुन्या अवशेषांचं काढतात तसं. शीतयुद्धातल्या अणुस्फोटांनी हवेतला किरणोत्सारी कार्बन वाढला होता, तो पुढे दरवर्षी कमी होत गेला, आणि पेशी जन्मली त्या वर्षाची खूण तिच्या डीएनएत राहून गेली. वीसपासून चौऱ्याऐंशी वर्षांपर्यंतच्या माणसांची लिव्हर तपासली. माणसाचं वय काहीही असो, पेशींचं सरासरी वय तीन वर्षांच्या आतच निघालं. म्हणजे ऐंशीच्या आजोबांच्या पोटात बालवाडीच्या वयाच्या पेशी आहेत! ऐंशी ओलांडलेल्या दात्यांची लिव्हर प्रत्यारोपणात वापरली जातात आणि नीट चालतात, ती काय उगाच?

याचा अर्थ वयाने काहीच बदलत नाही असा नव्हे. बदलतं, पण ते ग्लासात दाखवता येण्यासारखं नसतं. लिव्हरचं आकारमान आयुष्यभरात २० ते ४० टक्क्यांनी घटतं. त्याच्याकडे येणारं रक्त पासष्टीनंतर तरुणपणाच्या मानाने तिसऱ्या हिश्श्याने, काहींत त्याहून जास्त कमी होतं. पेशींत लिपोफसिन नावाचा तपकिरी रंग साचतो, आणि आयोडिनचा रंग पाहून लोक फसतात ते बहुधा यामुळेच, कारण कुणीतरी "लिव्हरला तपकिरी डाग पडतात" असं कुठेतरी वाचलेलं असतं. मार लागला तर भरून यायला वेळ लागतो. आणि एक बदल फारसा कुणाला ठाऊक नसतो. लिव्हरच्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना भोकं असतात, मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढी. आपल्या रव्याच्या चाळणीसारखी ती भिंत, रक्तातलं काय काय तिच्यातून गाळून पेशींपर्यंत जातं. वय वाढतं तशी ही भोकं कमी होतात आणि भिंत जाड होते. सिडनीच्या संशोधकांनी यावर बरंच काम केलं आहे. चाळणी बुजत आली की चरबीचे कण आणि काही औषधं आत जायला वेळ लावतात, रक्तातच घोटाळत राहतात.

गंमत अशी की लिव्हरच्या नेहमीच्या रक्ततपासणीत, म्हणजे एलएफटीत, यातलं काहीही दिसत नाही. एसजीपीटी, एसजीओटी, बिलिरुबिन, सगळं नॉर्मल. लिव्हर नादुरुस्त नसतंच मुळी. ते फक्त सावकाश काम करतं, निवृत्तीला आलेल्या चांगल्या कारकुनासारखं. फाइल हरवणार नाही, पण आज दिलेली आज मिळणार नाही. अशा कारकुनाच्या टेबलावर आणखी चार फायली ठेवणं म्हणजे त्याला मदत नव्हे. म्हाताऱ्या लिव्हरसाठी म्हणून जी गोळी विकली जाते, ती निस्तरायची असते त्याच म्हाताऱ्या लिव्हरला. आणि तिच्या आधी रांगेत बीपीची, साखरेची, कोलेस्टेरॉलची आणि रात्री झोपेची अशा गोळ्या उभ्याच असतात.

आण्णांची बाटली मी पाहिली ती फार उशिरा. सहा-सात आठवड्यांनी वहिनींचा फोन आला, "भाऊजी, यांचे डोळे पिवळे दिसताहेत हो, का मलाच तसं वाटतंय?" वहिनींना तसं वाटत नव्हतं, डोळे पिवळेच होते. एसजीपीटी, म्हणजे लिव्हरच्या पेशी दुखावल्या की रक्तात वाढणारं विकर, आठशेच्या वर, जे चाळीसच्या आसपास असायला हवं. कावीळ ए, बी, सी, ई सगळ्या चाचण्या निगेटिव्ह. सोनोग्राफीत पित्ताच्या वाटेत खडा नाही. दारू आण्णांनी आयुष्यात घेतली नाही. डॉक्टरांनी तिसऱ्यांदा विचारलं, "घरी आणखी काही घेता का? काढा, चूर्ण, पावडर?" आण्णा म्हणाले, "औषध नाही हो, नुसतं नैसर्गिक आहे." वहिनींनी पर्समधून बाटली काढून टेबलावर ठेवली.

मी भिंग घेऊन लेबल वाचलं. हळदीचा अर्क, ९५ टक्के कर्क्युमिनॉइड, ५०० मिलिग्रॅम. काळ्या मिरीचा अर्क. ग्रीन टीचा अर्क. वर क, ई, सेलेनियम आहेतच.

हळदीबद्दल सांगलीच्या माणसाला कुणी शिकवायला नको. माझं बालपण मार्केट यार्डातल्या हळदीच्या सौद्यांच्या आवाजात आणि हरिपूरच्या पेवांच्या, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या कोठारांच्या, गोष्टींत गेलं आहे. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मी दुकानात पेढे वाटले होते. म्हणून हिशोब घालून दाखवतो. साध्या हळदीत कर्क्युमिन ढोबळमानाने तीन टक्के असतं. म्हणजे आण्णांच्या एका कॅप्सूलमध्ये सोळा ग्रॅम हळदीचं कर्क्युमिन होतं, पाच-सहा चमचे. दिवसाला दोन कॅप्सूल. भाजीत चमचाभर हळद जास्त पडली तर वहिनींचं ताट आण्णा बाजूला सारतात, आणि इथे रोज दहा-बारा चमच्यांचा ऐवज बिनबोभाट पोटात जात होता.

त्यात ती काळी मिरी. १९९८ साली बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजात एक प्रयोग झाला. मोजक्या निरोगी माणसांना कर्क्युमिनसोबत मिरीतलं पायपरिन दिलं, तर रक्तात कर्क्युमिन २००० टक्क्यांनी जास्त मिळालं. सगळ्या बाटल्यांवर हा आकडा मिरवत असतो. तो कसा साधला हे कुणी छापत नाही. लिव्हर आणि आतडं कर्क्युमिनला लगोलग बांधून बाहेर काढतात, पायपरिन त्यांचे हात धरून ठेवतं. शिवाय ते एकट्या कर्क्युमिनपुरतं थांबत नाही, फिटवरचं फेनिटॉइन आणि बीपीवरचं प्रोप्रॅनोलॉल यांसारखी औषधंही त्याच्यामुळे रक्तात वाढतात, हे आपल्याच देशात दाखवलं गेलं आहे. आण्णा सावकाश चाललेल्या त्या कारकुनाचे हात बांधायची कॅप्सूल घेत होते, आणि बाटलीवर लिहिलं होतं "लिव्हर केअर".

ग्रीन टीच्या अर्काबद्दल युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्येच सांगून ठेवलं आहे : त्यातलं ईजीसीजी हे द्रव्य गोळ्यांतून रोज ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त गेलं तर लिव्हरची विकरं वाढलेली दिसतात. कपातला ग्रीन टी वेगळा, तो प्या खुशाल, मला त्याची चव आवडत नाही हा भाग निराळा. हळदीच्या गोळ्यांमुळे कावीळ झालेले रुग्ण इटलीत २०१९ मध्ये समोर आले. अमेरिकेतल्या लिव्हरतज्ज्ञांनी २०२२ मध्ये असे दहा रुग्ण नोंदवले. त्यांतल्या सात जणांत एकच जनुकीय खूण सापडली, एचएलए-बी ३५:०१. म्हणजे हजार जणांना काही होणार नाही आणि एकाला कावीळ होईल, आणि तो एक कोण हे कांडी हातात धरून कळत नाही.

आण्णांच्या कावीळचं कारण ही बाटलीच, असं मी कोर्टात शपथेवर सांगणार नाही. डॉक्टरही "बहुधा" म्हणाले. बाटली बंद केली, दुसरं काही बदललं नाही, आणि अडीच महिन्यांत एसजीपीटी पन्नासच्या खाली आलं. एवढं मी सांगू शकतो.

आयुर्वेदाच्या मागे लागलाय, असं कुणी म्हणेल. तसं नाही. पण गुळवेलीचं काय झालं ते मुंबईतच झालं आहे. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या कोविडच्या काळात मुंबईतल्या लिव्हरतज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांत लिव्हरला इजा झालेली पाहिली आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने ते फेटाळलं, रुग्णांनी घेतलेली वेल खरी गुळवेलच होती याची खात्री केली नाही असा आक्षेप घेतला. आक्षेपात तथ्य असू शकतं, दिसायला तशाच दुसऱ्या वेली आहेत. पण २०२२ मध्ये देशातल्या अनेक रुग्णालयांनी मिळून अशा ४३ रुग्णांची नोंद केली. आणि वेल खरी की खोटी हे जर मुंबईच्या रुग्णाला कळत नसेल, तर आपल्या सभागृहात बाटली घेणाऱ्या काकूंना कसं कळायचं?

उलट बाजूही सांगतो, नाहीतर माझ्यात आणि त्या व्याख्यानवाल्या मुलात फरक राहणार नाही. अँटिऑक्सिडंट कधीच उपयोगी नसतं असं नाही. पॅरासिटामॉल जास्त पोटात गेलं की लिव्हरमधलं ग्लुटाथिओन हे शरीराचं स्वतःचं अँटिऑक्सिडंट संपतं, तेव्हा ते भरून काढणारं एन-ॲसिटिलसिस्टीन वेळेत दिलं तर जीव वाचवतं. आणि ई जीवनसत्त्वाने फॅटी लिव्हरच्या पुढच्या टप्प्यात, जिथे सूज आलेली असते, फायदा दिसला आहे. २०१० मधल्या २४७ जणांच्या अमेरिकन चाचणीत रोज ८०० युनिट ई घेणाऱ्यांपैकी ४३ टक्के सुधारले, खोट्या गोळीवर १९ टक्के. पण ते सगळे बायॉप्सी केलेले रुग्ण होते, त्यांना मधुमेह नव्हता आणि ९६ आठवडे डॉक्टरांची नजर त्यांच्यावर होती. उलट लिव्हरचं म्हणून खूप खपणारं सिलिमरीन, एका काटेरी झाडाच्या बियांचा अर्क, २०१२ मध्ये हिपॅटायटिस सी च्या १५४ रुग्णांना भरपूर डोसात दिलं, तर खोट्या गोळीहून काडीचा फरक नाही.

मी स्वतः किती विकल्या असतील. हिरव्या जिलेटिनच्या त्या ई च्या कॅप्सूल, स्ट्रिपच्या स्ट्रिप. औषध कंपनीचा एमआर यायचा, दहावर दोन फ्रीची स्कीम द्यायचा, आणि गिऱ्हाईक म्हणायचं "एखादं टॉनिक द्या की". मी द्यायचो. रक्त पातळ करण्याच्या गोळीवर असलेल्या माणसाला ई चा मोठा डोस देऊ नये, रक्तस्राव व्हायची भीती असते, हे मला ठाऊक होतं. दर वेळी विचारलं का? नाही. अ जीवनसत्त्व जास्त झालं तर लिव्हरमध्येच साठतं आणि लिव्हरचंच नुकसान करतं, हेही ठाऊक होतं. तेव्हा मी साधूचा आव आणत नाही.

आता तुमच्याकडे वळतो. तुम्ही हे का करता ते मला कळतं. वर्गणी तुटपुंजी, सभागृहाचं वीजबिल थकलेलं, कोजागरीला दूध आणायला पैसे नाहीत. असा एखादा माणूस येऊन म्हणतो, "बॅनर आमचा, नाश्ता आमचा, वर संघाला पाच हजार देणगी." नाही म्हणवत नाही. पण तो पाच हजार कशाचे देतो? सभागृह तर त्याला बाजारात कुठेही मिळेल. अध्यक्षांनी माईकवरून "आपले मित्र" म्हणून ओळख करून दिली, त्या दोन शब्दांची ती किंमत आहे. आण्णांनी बाटली लेबल वाचून घेतली नव्हती. संघाने बोलावलंय म्हणजे खात्रीचं असणार, म्हणून घेतली.

आणखी एक, हे बोलायला जड जातं. तो मुलगा आण्णांशी वीस मिनिटं बोलला. नातवाचं नाव विचारलं, पुढच्या आठवड्यात फोन केला. डॉक्टरांकडे आण्णांना चार मिनिटं मिळतात आणि माझ्या दुकानात त्याहून कमी मिळायची. बाटलीत काहीही असो, ती वीस मिनिटं खरी होती. संघ खरं तर त्या वीस मिनिटांसाठीच काढलेले असतात ना?

बाटलीवर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी क्रमांक असतो, तो दाखवून "सरकारमान्य" म्हणतात. तो अन्न म्हणून परवाना आहे, लोणच्याच्या बरणीवर असतो तसा. गोळी लिव्हर सुधारते हे कुणी तपासल्याची ती पावती नाही. २०१६ च्या नियमांनुसार अशा डब्यावर "औषधी वापरासाठी नाही" असं छापावंच लागतं. आण्णांच्या बाटलीवरही होतं, मागच्या बाजूला, इंग्रजीत, घडी पडते तिथे. माझी मागणी अशी की पुढच्या वेळी असा पाहुणा आला तर सचिवांनी हे एक वाक्य त्याच्याकडून मराठीत, माईकवर, मोठ्याने वाचून घ्यावं. मग विक्री करू द्यायची का ते तुम्हीच ठरवा. माझं विचाराल तर व्याख्यानाच्या दिवशी विक्रीचं टेबल नको, कांडीचं मशीन तर अजिबात नको, आणि वक्त्याला मानधन कोण देतं ते निमंत्रणपत्रिकेवर छापा.

लिव्हरचंच करायचं असेल तर कामं पुष्कळ आहेत. पोट सुटलेल्यांनी सात-आठ टक्के वजन उतरवलं तर फॅटी लिव्हरला जो फायदा होतो तो कुठल्या बाटलीत नाही. चालण्याचा गट आहेच. ब काविळीच्या लसीबद्दल डॉक्टरांना बोलवा.

आणि वर्षातून दोनदा "पिशवी घेऊन या" असा दिवस ठेवा. प्रत्येकाने घरातली प्रत्येक गोळी, काढा, चूर्ण, मुलाने अमेरिकेहून पाठवलेली मोठी बाटलीसुद्धा, एका कापडी पिशवीत घालून आणायची. एक डॉक्टर, एक फार्मासिस्ट, दोन खुर्च्या. कोणती गोळी दोनदा चालली आहे, कोणती कशाशी भांडते, कुणाची मुदत संपली आहे, बसून बघायचं. घाई नाही, माणशी वीस मिनिटं. फार्मासिस्टाच्या खुर्चीत मी बसेन, मानधन नको. आणि कुणाला अशा बाटलीनंतर कावीळ झाली तर गप्प बसू नका. औषधांचे दुष्परिणाम नोंदवायची सरकारी व्यवस्था आहे, रुग्णासाठीचा फॉर्म मराठीत मिळतो, १८००-१८०-३०२४ हा टोल फ्री नंबर आहे. आण्णांचा फॉर्म मी भरला. "कोणी सुचवले" असं विचारलं असतं तर तिथे काय लिहिलं असतं, याचा मी विचार करत बसलो होतो.

आमच्या संघाच्या पुढच्या बैठकीत मला दहा मिनिटं मिळाली आहेत. ग्लास आणि आयोडिन मी आणतोय, लिंबू वहिनी देणार आहेत. त्या मुलालाही बोलवा. वड्याचे पैसे या वेळी माझ्याकडून.

आपला,
एक निवृत्त मेडिकलवाला, सांगली